कन्सोलवाले, पीसीवाले, मोबाइलवाले: ग्रुप नेमका कुठे फुटतो

तुमचा प्रश्न मी असा समजलो. नवी मुंबईतल्या घणसोलीत १४० जणांचा गेमिंग ग्रुप आहे, त्यात सेक्टरमधल्या सोसायट्यांची मुलं आहेत आणि गावातलीही. आधी सगळं सुरळीत चालत होतं. मग तुम्ही ‘कन्सोल विरुद्ध पीसी विरुद्ध मोबाइल’ अशी टूर्नामेंट ठेवली (कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं मशीन, जसं प्लेस्टेशन ५ ऊर्फ पीएस५), भिंतीवर तिन्ही बाजूंच्या गुणांचा तक्ता लावला आणि पुढच्या आठवड्यात ग्रुपचे तीन ग्रुप झाले. समेटासाठी क्लबहाउसमध्ये पिझ्झा पार्टी केली, तर तीन टेबलांवर तीन कंपू बसले आणि निघताना पुन्हा बाचाबाची झाली. आता तुम्ही विचारताय की प्लॅटफॉर्मच्या चर्चेवर बंदी घालावी, की तिघांना कायमचं वेगळं होऊ द्यावं.

दोन्ही नको. बंदी घातलीत तर तेच टोमणे तुम्हाला न दिसणाऱ्या छोट्या ग्रुपवर जातील. वेगळं होऊ दिलंत तर पीसीवाल्यांचा गट सगळ्यात आधी मरेल, कारण वीस-पंचवीस जणांत रोज संध्याकाळी खेळायला माणसं जमत नाहीत.

एक गोष्ट आधी मान्य करतो. पुढे जे सांगतोय ते साधारण पंधरा ते तीस वयाच्या, एकमेकांना चेहऱ्याने ओळखणाऱ्या ग्रुपसाठी आहे. एखाद्या बाजूला दहापेक्षा कमी माणसं असतील तर खाली दिलेली संघरचना तशीच्या तशी चालणार नाही. आणि मूळ भांडण दोन अ‍ॅडमिनचं वैयक्तिक असेल, तर यातलं काहीच उपयोगी पडणार नाही. ते आधी तपासा.

भांडण म्हणून जे दिसतं ते एक नसतं, तीन असतात, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. एक म्हणजे खरा तांत्रिक अन्याय. दुसरं, आपल्या मशीनचा अभिमान. तिसरं, पैशावरून किंवा घरावरून केलेला अपमान. बहुतेक अ‍ॅडमिन तिन्हींना ‘टॉक्सिक’ म्हणून एकाच पोत्यात भरतात. मग ज्याच्यावर खरंच अन्याय झालाय तोही शिवी देणाऱ्याच्या शेजारी आरोपी म्हणून उभा राहतो, आणि त्याच्यामागे त्याचा सगळा कंपू.

तांत्रिक अन्याय आधी घ्या, कारण निम्मी खुन्नस तिथेच जन्मते आणि तो नियमाने मिटतो. क्लबहाउसचा टीव्ही बघा. गेम मोड बंद असेल तर टीव्ही चित्र सुधारत बसतो आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत ५० ते १०० मिलिसेकंदही जातात. गेम मोड चालू केला की हाच उशीर साधारण १० ते २० वर येतो. पीसीवरून आलेला मुलगा १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरला (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) सरावलेला असतो. त्याला तो उशीर बोटांत जाणवतो, शब्दांत सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, ‘‘तुमचा कन्सोल कचरा आहे.’’ कन्सोलवाले भडकतात. दोष टीव्हीच्या सेटिंगचा, भांडण मात्र दोन टोळ्यांचं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी टीव्हीवर गेम मोड चालू आहे ना हे एका कन्सोलवाल्याने आणि एका पीसीवाल्याने मिळून बघायचं.

शूटर, म्हणजे बंदुकीच्या गेममध्ये कंट्रोलर आणि माउस एकत्र आणू नका, निदान बक्षीस असेल तेव्हा तरी नको. कंट्रोलरला एम असिस्ट (नेम धरायला गेमकडून मदत) मिळतो, माउसला हाताचा वेग मिळतो. दोन्ही बाजूंना दुसऱ्याचा फायदा दिसतो, स्वतःचा दिसत नाही. हा वाद जगात कुठेच मिटलेला नाही, तुमच्या क्लबहाउसमध्येही मिटणार नाही. एफसी या फुटबॉलच्या गेममध्ये ही अडचण सहसा येत नाही, तिथे पीसीवालाही बहुतेक कंट्रोलरच धरतो.

बीजीएमआयमध्ये (पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती) आयपॅड बंद ठेवा. त्याचा पडदा फोनपेक्षा चौरसाकडे झुकणारा असल्यामुळे वरखाली जास्त मैदान दिसतं आणि फोनवाल्याला ते कळतं. गायरो (फोन हलवून नेम धरायची सोय) मात्र बंद करू नका. तो बऱ्याच फोनमध्ये असतो, वापरायचा की नाही हा सरावाचा प्रश्न आहे. ‘गायरोवाला म्हणजे चीटर’ हा आरोप ऐकून घ्यायचा नाही. सगळ्यांनी स्क्रीन रेकॉर्डिंग लावायचं असाही नियम करू नका, कारण ४ जीबी रॅमचा फोन त्याने तापतो, चित्र अडखळतं आणि स्वस्त फोनवालाच हरतो. गेममधल्या रूममध्ये एक निरीक्षक बसवा आणि हँडकॅम (खेळताना हात दाखवणारं चित्रीकरण) फक्त ज्याच्यावर लेखी तक्रार आली त्याच्याकडून पुढच्या मॅचला मागा.

वायफायचंही तेच. क्लबहाउसच्या एका राउटरवर सोळा फोन आले की पिंग (सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) उड्या मारतो आणि ज्याची मॅच गेली तो यजमानांवर संशय घेतो. बीजीएमआय प्रत्येकाने आपल्या डेटावर खेळायची, किंवा दोन अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचे आणि पाहुण्यांचा पासवर्ड बदलायचा. पीसी आणि कन्सोल केबलवर. आणि लाइट गेली तर काय, हे आधी लिहून ठेवा. एफसीमध्ये तोच स्कोर धरून उरलेली मिनिटं पुन्हा खेळायची. बीजीएमआयमध्ये पहिल्या पाच मिनिटांत गेली तर मॅच रद्द, नंतर गेली तर चालू राहील. आपल्याकडे जूनमध्ये हा नियम सगळ्यात जास्त वापरला जातो.

आता अभिमान. हा काढून टाकता येत नाही आणि काढायचाही नाही. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तो ४९,९९० रुपयांना. बऱ्या ग्राफिक्स कार्डचा पीसी सहज त्याच्या पुढे जातो. घरी वाद घालून, हप्ता बांधून एकदा घेतलं की परतीचा रस्ता नाही, कारण विकत घेतलेले गेम सहसा दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर नेता येत नाहीत. अशा वेळी माणूस आपली निवड बरोबर होती हे रोज स्वतःलाच पटवत असतो, आणि समोरचा दुसरं मशीन घेऊन मजेत आहे हे दृश्य त्याला टोचतं. जॅक ब्रेम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये घरगुती उपकरणांवर हेच दाखवलं होतं: आवडीच्या दोन वस्तूंतली एक निवडायला लावली की निवडलेलीचा भाव मनात वर जातो आणि सोडलेलीचा खाली येतो. टोस्टरबाबत जे खरं आहे ते प्लेस्टेशनबाबत का नसावं?

मोबाइलवाल्यांचं दुखणं वेगळं आहे आणि ते बाकीच्या दोघांच्या लक्षात येत नाही. त्यांचा गेम त्यांच्या हातातून दोनदा काढून घेतला गेलाय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आली, जुलै २०२२ मध्ये तीही स्टोअरवरून गायब झाली आणि मे २०२३ मध्ये परतली. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला, फ्री फायर मॅक्स या दुसऱ्या आवृत्तीवर भागवावं लागलं. वर ‘फोनवर खेळणारा गेमरच नाही’ हे रोज ऐकायचं. म्हणून साध्या विनोदावरही ते पटकन पेटतात. तुमच्याकडे तर आणखी एक रेघ आहे. कन्सोल बहुतेक सेक्टरमध्ये आणि फोन बहुतेक गावात असेल, तर ‘मोबाइलवाले’ या शब्दाचा अर्थ तुमच्या ग्रुपमध्ये फक्त मशीन एवढाच राहिलेला नाही. तुम्ही प्रश्नात हे ओझरतं लिहिलंय. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

कंपन्यांचा दाखला देऊन कोणाला शहाणं करायला जाऊ नका. नव्वदच्या दशकात सेगा आणि निन्टेंडोचे चाहते एकमेकांचं तोंड बघत नव्हते. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणं सोडलं आणि २००७ मध्ये मारिओ आणि सॉनिक एकाच ऑलिंपिकच्या गेममध्ये धावले. सोनीने आपला होरायझन हा गेम २०२० मध्ये पीसीवर आणला, मायक्रोसॉफ्टचा फोर्झा होरायझन ५ हा २०२५ मध्ये पीएस५ वर आला. सगळं खरं आहे, पण भर वादात हे सांगितलं की ऐकणाऱ्याला आपल्यालाच मूर्ख ठरवलंय असं वाटतं आणि तो आणखी घट्ट होतो. शांत दिवशी गप्पांत निघालं तर निघू द्या.

तुमची मुख्य चूक तो तक्ता. अभिमान आधीपासून होता, तक्त्याने त्याला गुण दिले. हेन्री ताजफेलने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गटांत विभागलं आणि पैसे वाटायला सांगितले. मुलांनी बरेचदा आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळायला हवं, अशी वाटणी केली. गट कालचा, कारण नगण्य, तरी असं झालं. तुमच्याकडे तर पन्नास हजारांचं कारण होतं. पिझ्झा पार्टी का फसली याचंही उत्तर जुनंच आहे. मुझफ्फर शेरीफने १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात भांडणाऱ्या दोन गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाण्याची टाकी बंद पडली, ट्रक अडकला आणि दोघांनी मिळून ते सोडवलं, तेव्हा हळूहळू ताण उतरला. नुसतं जवळ बसवून काही होत नाही, दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे.

तेव्हा पुढची स्पर्धा अशी बांधा की प्रत्येकाचं नशीब दुसऱ्या मशीनवाल्याच्या हातात असेल. आठ संघ, प्रत्येकी सहा जण: दोन कन्सोलचे, दोन पीसीचे, दोन मोबाइलचे. एकूण ४८. कन्सोलवर एफसी दोन विरुद्ध दोन, त्याला एका पीएस५ ला चार कंट्रोलर लागतात आणि चारही रात्रभर चार्ज केलेले हवेत. पीसीवर काउंटर-स्ट्राइक २ या शूटर गेममधला विंगमन हा प्रकार, तोही दोन विरुद्ध दोन, जो आधी ९ राउंड जिंकेल तो पुढे. मोबाइलवर बीजीएमआय ड्युओ (दोघांच्या जोड्या), नकाशा लिविक. एरांगेल या मोठ्या नकाशावर सोळा जण एकमेकांना शोधतच बसतील, लिविक दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा आहे, मॅच पंधराएक मिनिटांत आटोपते.

संघ चिठ्ठ्या टाकून करा, आणि डबे सहा ठेवा, तीन नाही. प्रत्येक मशीनचे आठ तगडे खेळाडू एका डब्यात, उरलेले आठ दुसऱ्यात. तीनच डबे ठेवले तर कधीतरी दोन्ही तगडे एका संघात जातात आणि ‘सेटिंग होती’ सुरू होतं. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा, ग्रुपमधल्या सगळ्यात लहान पोराच्या हाताने. मोबाइलवाले तुमच्याकडे सोळापेक्षा बरेच जास्त असणार, म्हणून त्यांची पात्रता फेरी आदल्या रविवारी घ्या. पण तशीच फेरी कन्सोल आणि पीसीचीही ठेवा, नाहीतर ‘आम्हालाच परीक्षा’ ही तक्रार रास्त ठरेल. संघांची नावं सेक्टर, गाव किंवा मशीनवरून नकोत. ट्रान्स-हार्बरची स्टेशनं घ्या: दिघा, ऐरोली, रबाळे, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, जुईनगर, नेरूळ. घणसोली मुद्दाम वगळलंय, नाहीतर त्या एका नावासाठी वेगळी लढाई होईल.

गुणांत एक खड्डा आहे. बीजीएमआयची नेहमीची पद्धत म्हणजे पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक फिनिशला (बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्याला) १. तीन मॅचचे हे गुण तसेच एकूण तक्त्यात टाकलेत तर मोबाइलचा एकटा विभाग बाकी दोघांना गिळून टाकेल आणि कन्सोलवाले म्हणतील की आमचं खेळणं फुकट गेलं. म्हणून तीन मॅचचे गुण फक्त क्रम लावायला वापरा आणि त्या क्रमाला पुन्हा १०-६-५-४-३-२-१-१ द्या. एफसी आणि विंगमन बाद पद्धतीने: विजेत्याला १०, उपविजेत्याला ६, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना प्रत्येकी ४, पहिल्या फेरीत गेलेल्या चौघांना प्रत्येकी १. तक्त्यावर संघाचं नाव आणि एकूण गुण एवढंच. कुठल्या मशीनवर किती मिळाले हा रकाना भिंतीवर लावायचाच नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. एफसीचा अर्धा डाव ६ मिनिटांचा ठेवला तर बसणं-उठणं धरून मॅचला वीस मिनिटं, सात मॅच म्हणजे दोन तास वीस मिनिटं. बरोबरी झाली तर थेट पेनल्टी. विंगमनच्या सात मॅच, अर्धा तास प्रत्येकी, साडेतीन तास. चार पीसी खेळायला आणि जमलं तर पाचवा सर्व्हरला, म्हणजे मॅच चालवायला. खेळणाऱ्याच्याच मशीनवर सर्व्हर असेल तर केबलवर फरक नगण्य पडतो, पण हरणाऱ्याला बोट दाखवायला जागा मिळते, ती देऊ नका. बीजीएमआय सगळ्यात आधी घ्या, सकाळी अकराला, आणि त्या तासाभरात दुसरं काहीही चालू ठेवू नका. कन्सोल रिकामा दिसला की लोक तिकडे पळतात आणि मोबाइलवाले कोपऱ्यात एकटे खेळतात, म्हणजे जुनंच चित्र. फोनचा पडदा टीव्हीवर घ्या. निरीक्षकाचा फोन केबलने जोडला की झालं. पीएस५ वाला जेव्हा आपल्या संघातल्या गावच्या पोरासाठी ‘‘झोनमध्ये ये रे, झोनमध्ये!’’ (झोन म्हणजे नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ) म्हणून ओरडेल, त्या एका मिनिटासाठी हा सगळा खटाटोप आहे. ठाण्याच्या हंडीत पथकांची टशन कमी नसते, पण चढायचं असतं सगळ्यांना त्याच हंडीवर आणि पाळीपाळीने. तुमच्या तक्त्याने पथकांना एकमेकांवर चढवलं होतं.

प्रवेश फी घ्यायची तर खर्चापुरती घ्या, शंभर रुपयांप्रमाणे ४८०० होतात, त्यात पाणी, वडापाव आणि दोन एक्स्टेन्शन बोर्ड येतात. पैसे लावून खेळणं, ‘हरला तो संघ हजार देईल’ वगैरे, अजिबात नको. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातलीय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पैज लागली की वरचे सगळे नियम कागदावर राहतात.

अपमानाचं मात्र वेगळं. इथे चर्चा नाही. फरक ओळखायला तीन मेसेज घ्या. ‘पीएस५ म्हणजे महागडा डीव्हीडी प्लेअर’ ही चिडवाचिडवी आहे, राहू द्या, जमलं तर हसा. ‘तो आयपॅडवर होता’ हा आरोप आहे. मॅच संपल्यापासून दहा मिनिटांत स्क्रीनशॉटसह अ‍ॅडमिनला कळवायचा, ग्रुपवर नाही. दहा मिनिटांनंतर विषय बंद. ‘घरच्यांना परवडत नाही म्हणून फोनवर खेळतोस’ हा मेसेज काढून टाकायचा आणि त्या माणसाला आठवडाभर बाहेर ठेवायचं, मग तो तुमचा सगळ्यात चांगला स्नायपर का असेना. पहिल्यांदा एखाद्या नावाजलेल्या खेळाडूवर ही कारवाई झाली की नियम खरा आहे हे सगळ्यांना कळतं. एखाद्या नवख्यावर झाली तर काहीच कळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर निकालांसाठी वेगळा ग्रुप करा, जिथे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील. निकाल आणि टोमणे एकाच जागी आले की निकालच टोमणा होतो. डिस्कॉर्ड (गेमर वापरतात ते गप्पांचं अ‍ॅप) असेल तर अंतिम फेरीच्या रात्री स्लो मोड, म्हणजे दोन मेसेजमधलं सक्तीचं अंतर, ३० सेकंदांवर ठेवा, रागाचा मेसेज टाइप झालेला असतो पण पाठवायला थांबावं लागतं, आणि बरेच जण तोवर खोडतात. अ‍ॅडमिन तीन हवेत, प्रत्येक मशीनचा एक. तक्रार आली की दोन्ही बाजू ज्या मशीनच्या आहेत त्या मशीनच्या अ‍ॅडमिनने बाजूला बसायचं आणि उरलेल्या दोघांनी निर्णय द्यायचा. दोघांचं जमलं नाही तर मॅच पुन्हा.

सोल आणि गॉडलाइक या बीजीएमआयच्या नावाजलेल्या संघांच्या चाहत्यांची जी भांडणं तुम्ही शेवटी विचारलीत, त्यांची फार काळजी करू नका. ती क्रिकेटसारखी आहेत, माणसांवरची निष्ठा आहे, त्यात स्वतःचा पैसा अडकलेला नसतो. बीजीआयएस ही बीजीएमआयची देशपातळीवरची स्पर्धा २०२१ मध्ये स्कायलाइट्‌झने, २०२३ मध्ये ग्लॅडिएटर्सने आणि २०२४ मध्ये एक्सस्पार्कने जिंकली, तरी सोलचे चाहते सोलचेच राहिले. अंतिम सामना क्लबहाउसमध्ये मोठ्या पडद्यावर लावा आणि ओरडू द्या.

आता सुरुवात कुठून करायची. तीन फुटलेल्या ग्रुपना एकत्र या म्हणून आवाहन करू नका, आवाहनावर पहिलं उत्तर देणाराच चिडवला जातो. त्याऐवजी तिन्ही ग्रुपमधून चिठ्ठ्या काढण्यासाठी नावं मागवा, शेवटची तारीख द्या आणि सांगा की मशीनवरून संघ होणार नाहीत. नावं ४८ च्या जवळ आली तर पुढच्या महिन्याचा रविवार धरा. तीसच आली तर पाच संघ करा. विंगमन बाद पद्धतीने नको, सगळ्यांनी सगळ्यांशी, दहा मॅच, आणि एफसीचंही तसंच. मग वेळ वाढेल, म्हणून तेव्हा बीजीएमआयच्या दोनच मॅच घ्या.